पोटगी "नको" म्हणून सही करायची का? (संमतीचा घटस्फोट, मुंबई)

निशिगंध | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते, लिहिते कमी. आज धाकट्या बहिणीसाठी लिहितेय, तिला विचारूनच.

बहीण ३८ वर्षांची. लग्नाला ११ वर्षं झाली, हिंदू पद्धतीने, नोंदणी झालेली आहे. मुलगा ८ वर्षांचा. बहीण पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. मुलगा दीड वर्षाचा असताना नोकरी सोडली, कारण पाळणाघरातून दर आठवड्याला "ताप आलाय, न्यायला या" असा फोन यायचा आणि धावत जाणारी ती एकटीच. नवरा आयटीत आहे, पगार चांगला. ठाण्याचा वन बीएचके दोघांच्या नावावर, कर्जाचे हप्ते अजून ९ वर्षं. गेले १४ महिने ती मुलाला घेऊन माझ्याकडे मुलुंडला राहतेय. मारहाण नाही, व्यसन नाही. संसार संपला आहे आणि ते दोघांनाही मान्य आहे.

नवऱ्याच्या वकिलाने संमतीच्या घटस्फोटाचा मसुदा व्हॉट्सअॅपवर पाठवलाय. सगळं वाचलं, आणि ७व्या कलमाशी अडकले. तिथे लिहिलंय की अर्जदार क्रमांक २, म्हणजे माझी बहीण, स्वतःसाठी आणि मुलासाठी मागची, आताची आणि पुढची सगळी पोटगी कायमची सोडून देत आहे.

बहीण म्हणते, "ताई, त्याच्या पैशाचा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही. करू दे मोकळं." पुढच्या आठवड्यात अर्ज दाखल करायचाय.

मला कायदा कळत नाही, पण पोटात गोळा आलाय. अशी सही केली तर पुढे कधीच काही मागता येत नाही का? मुलाचं काय? आणि फ्लॅटचं काय करतात? कृपया अनुभव असतील ते सांगा.

---

खिडकीजवळची सीट | सोमवार, रात्री १०:५१

सही करू देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील, पण तोवर पेन लपवा. :)

---

सुरंगी | सोमवार, रात्री ११:३०

निशिगंधताई, तुमच्या बहिणीचं वाक्य मी २०१२ मध्ये जसंच्या तसं बोलले होते. "काही नको, फक्त मोकळी कर." कोर्टातल्या काउन्सेलरबाईंनी मला दोनदा विचारलं होतं, नक्की ना? मी मान ताठ ठेवून "नक्की" म्हटलं. तेव्हा नोकरी होती, आई मुलीला सांभाळायची, दादरला भावाकडे डोक्यावर छप्पर होतं. माझं काय अडणार आहे असं वाटलं.

२०१६ मध्ये आईला पॅरालिसिसचा झटका आला. ज्या हातांवर माझी नोकरी उभी होती तेच हात गेले. मी अर्ध्या दिवसाचं काम धरलं. त्या जूनमध्ये शाळेच्या फीच्या खिडकीपुढे उभी असताना पर्समध्ये ९ हजार होते आणि पावती साडेचौदाची होती. मागे रांग होती. मुलगी माझ्याकडे बघत होती आणि मी तिला सांगत होते की अगं, चेकबुक विसरले. चेकबुक पर्समध्येच होतं, खात्यात काही नव्हतं.

मला माझ्यासाठी पैसे नको होते हे आजही खरं आहे. पण मी मुलीचंही "नको" म्हणून आले होते, आणि तो अधिकार मला कुणी दिला होता? तिला विचारलं नव्हतं. बहिणीला माझा हा प्रतिसाद जरूर वाचून दाखवा.

---

काळा कोट | मंगळवार, सकाळी ७:१५

वकील आहे, कौटुंबिक प्रकरणं चालवतो, बांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात रोजचं जाणं-येणं आहे. तुमच्या प्रश्नांना सरळ उत्तरं देतो, पण कागद दाखवून तुमच्या स्वतःच्या वकिलाचा सल्ला घ्याच. नवऱ्याचा वकील दोघांच्या वतीने मसुदा करतो तेव्हा तो बहिणीचा वकील नसतो, एवढं डोक्यात पक्कं ठेवा.

मुलाचं आधी. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे. आईने तो सोडून दिला तरी सुटत नाही. उद्या मुलाच्या वतीने अर्ज झाला तर ते ७वं कलम आडवं येऊ शकत नाही. म्हणून ते वाक्य काढायला लावाच, नाहीतर वर्षानुवर्षं "तूच लिहून दिलं होतंस" हे ऐकत बसावं लागेल.

बहिणीचं स्वतःचं. हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम २५ खाली घटस्फोटाच्या हुकुमाच्या वेळी किंवा त्यानंतरही कायम पोटगी मागता येते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं आहे. त्यात "पत्नी" या शब्दात पुन्हा लग्न न केलेली घटस्फोटित बाईही येते. "पोटगी कधीच मागणार नाही" असा करार सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून ग्राह्य धरला नाही, असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाचेही आहेत. म्हणजे दार कायमचं बंद होत नाही. पण बंद केलेलं दार उघडायला नवा अर्ज, नवी तारीख, नवी फी. आज एका ओळीत होणारं काम पाच वर्षांनी तीन वर्षं खातं.

तिसरं, घाई. संमतीच्या घटस्फोटासाठी (कलम १३ब) अर्जाआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. अर्ज दाखल झाल्यावर सहा महिने थांबावं लागतं. दोघं दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असतील आणि पोटगी, मुलाचा ताबा सगळं मिटलेलं असेल तर ही मुदत माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलंय. आणि हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. तेव्हा पुढचा आठवडा काही शेवटची गाडी नाही.

---

घाटकोपर पूर्व | मंगळवार, सकाळी ९:०२

काळा कोट, एक शंका. एकाच घरात राहून "वेगळं राहणं" धरतात का? माझा मित्र आणि त्याची बायको गेली दोन वर्षं एकाच वन रूम किचनमध्ये राहतात. तो हॉलमध्ये, ती आत. दुसरं घर भाड्याने घ्यायला पैसे कुणाकडे आहेत?

---

काळा कोट | मंगळवार, सकाळी ९:४०

धरतात. १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नवरा-बायको म्हणून राहत नसतील तर एका छताखाली असूनही ते वेगळे राहत आहेत. मुंबईत हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी विचारला जातो.

---

वसईकर बाबा | मंगळवार, दुपारी १:२०

दुसरी बाजूही लिहितो, राग मानू नका. मी पोटगी देणारा आहे. २०१८ पासून दरमहा १८ हजार, त्यातले ११ मुलाचे. मुलाच्या पैशाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

पण शिकलेली, हाताशी कौशल्य असलेली बाई दहा वर्षं घरी बसून पोटगी घेणार आणि आम्ही विरारच्या लोकलला लटकून कमावणार, यात न्याय कुठे? निशिगंधताईंची बहीण लॅब टेक्निशियन आहे. मुंबईत लॅबवाल्यांना माणसं मिळत नाहीत. मग स्वतःसाठी पोटगी कशाला?

---

सुरंगी | मंगळवार, दुपारी २:०५

बाबा, राग नाही. पण साडेसहा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला त्याच पगारावर कोण परत घेतं? नवी मशिनं आली, नवी सॉफ्टवेअरं आली. ती परत जाईल, पण ज्युनियरच्या पगारावर. ती साडेसहा वर्षं नवऱ्याचा पगार वाढत होता, कारण पाळणाघराचे फोन तिने घेतले. त्या वाढीत तिचा वाटा नाही का?

---

काळा कोट | मंगळवार, दुपारी ३:३०

दोघांचंही कोर्टात ऐकलं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

कमावण्याची क्षमता आणि प्रत्यक्ष कमाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये एका प्रकरणात सांगितलं. नुसती पदवी आहे म्हणून पोटगी नाकारता येत नाही. त्याआधी २००७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं होतं की "स्वतःचा निर्वाह करू शकत नाही" याचा अर्थ बाईने भीक मागायच्या पायरीला यायला हवं असा नाही. दुसरीकडे ती कमावत असेल तर ती कमाई मोजली जाते, आणि पुरेशी असेल तर तिच्यासाठीची रक्कम कमी होते किंवा शून्यही होते. बाईला दोषी किंवा पुरुषाला दोषी ठरवणं हा पोटगीचा हेतू नाही. लग्नात ज्याच्या हातातलं काम सुटलं त्याला परत उभं राहायला जागा मिळावी, हा आहे.

२०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल प्रत्येकाने माहीत करून घ्यावा असा आहे. त्यानंतर पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं शपथपत्र द्यावं लागतं. पगाराच्या स्लिपा, आयकराची विवरणपत्रं, बँकेचे उतारे, गुंतवणुका, भाड्याचं उत्पन्न, सगळं. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची, हुकुमाच्या तारखेपासून नाही. संमतीच्या प्रकरणात कोर्ट हे शपथपत्र मागेलच असं नाही. म्हणून दोघांनी आपापसात कागद मागून घ्या. समोरच्याचा पगार "साधारण इतका असेल" यावर तडजोड करू नका.

---

आठ पाचची फास्ट | मंगळवार, दुपारी ४:१२

पगाराच्या २५ टक्के बायकोला द्यावेच लागतात ना? आमच्या ऑफिसात सगळे हेच म्हणतात.

---

काळा कोट | मंगळवार, दुपारी ४:५५

कायद्यात कुठेही टक्केवारी नाही. २०१७ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम न्याय्य ठरेल असं म्हटलं आणि तेव्हापासून तो आकडा डब्याच्या टेबलावर कायदा झाला. प्रत्यक्षात दोघांचं वय, लग्नाचा काळ, राहणीमान, मुलं, आजारपण, नवऱ्यावर अवलंबून असलेले आईवडील, कर्जं, सगळं बघतात. २००१ पर्यंत कलम १२५ खाली तर महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती.

---

रातराणी_कुर्ला | मंगळवार, रात्री ९:२०

१२५ चा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्यात, म्हणजे मुस्लिमांत, आजही बायकांना सांगितलं जातं की इद्दतचे (तलाकनंतर थांबायच्या मुदतीचे) तीन महिने संपले, आता काही मिळणार नाही. तसं नाहीये. १९८५ मध्ये शाहबानो निकाल लागला, की घटस्फोटित मुस्लिम बाईलाही १२५ खाली पोटगी मिळते, १९८६ मध्ये मुस्लिम बायकांसाठी वेगळा कायदा आला, २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा अर्थ लावला की नवऱ्याने इद्दतच्या मुदतीत बायकोच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी सोय करायची आहे. आणि जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केलं की मुस्लिम बाईला १२५ खालीही मागता येतं. माझ्या खालाच्या (मावशीच्या) मुलीला हे कळायला चार वर्षं लागली. कुणी वाचत असेल तर तिची ती चार वर्षं वाचावीत म्हणून लिहिलं.

---

खिडकीजवळची सीट | मंगळवार, रात्री ९:३१

रातराणी, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. __/\__

---

हिशोबनीस | बुधवार, सकाळी ८:४५

मी आकड्यांचा माणूस, भावनांवर बोलत नाही.

दरमहा की एकरकमी, हा पहिला निर्णय. दरमहा मिळणारी पोटगी तिच्या उत्पन्नात धरली जाते आणि त्यावर कर लागू शकतो. एकरकमी रक्कम भांडवली स्वरूपाची मानतात, तिच्यावर आयकर लागत नाही. देणाऱ्याला दोन्हींपैकी कशाचीही वजावट नाही. दुसरं लग्न झालं तर बाईची दरमहाची पोटगी थांबते किंवा थांबवून घेता येते. मुलाची त्या कारणाने थांबत नाही.

वाढीचं कलम नसलेली दरमहा पोटगी म्हणजे वितळणारा बर्फ. आज २० हजार ठरले आणि महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर दहा वर्षांनी त्या २० हजारांत आजचे साधारण ११ हजारांचंच सामान येईल. मुलगा तेव्हा १८ वर्षांचा, म्हणजे नेमका कॉलेजात असेल. म्हणून दर वर्षी किंवा दर दोन वर्षांनी किती वाढ ते मसुद्यातच लिहा. शाळेची फी, क्लास, दवाखाना हे वेगळं ठेवून "निम्मे-निम्मे, पावती दाखवल्यापासून १५ दिवसांत" असं लिहिलं तर भांडणं कमी होतात, हे मी क्लायंटच्या घरात पाहिलंय.

आता फ्लॅट. आपल्याकडे घटस्फोट झाला म्हणून मालमत्ता आपोआप अर्धी होत नाही. कुणाच्या नावावर, कुणी पैसे भरले, हे बघतात. तुमच्यात दोघांचं नाव आहे, हे चांगलंही आणि जोखमीचंही. मसुद्यात "यापुढचे हप्ते नवरा भरेल" असं लिहिलं तरी बँक त्याला बांधील नाही. त्याने हप्ता चुकवला तर बँक बहिणीलाही फोन करणार आणि तिचाही सिबिल (कर्जफेडीच्या पतीचा आकडा) बिघडणार. एकतर फ्लॅट विकून कर्ज फेडून उरलेले वाटून घ्या, नाहीतर तो एकट्याच्या नावावर कर्ज करून घेईल, तिला तिच्या हिश्श्याचे पैसे देईल आणि मगच ती हक्कसोडपत्रावर सही करेल. हा क्रम उलटा होऊ देऊ नका. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट कुणाच्या कपाटात आहे तेही बघा.

आणि मेडिक्लेम! नवऱ्याच्या ऑफिसच्या पॉलिसीतून घटस्फोटानंतर बहीण बाहेर पडेल. मुलगा राहू शकतो. तो राहील असं लिहून घ्या, आणि बहिणीने स्वतःची पॉलिसी आत्ताच काढावी.

---

गोंयकार पणजीचो | बुधवार, सकाळी १०:०५

अवांतर आहे, पण हिशोबनीसांनी मालमत्तेचं लिहिलं म्हणून. आमच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक धरतात आणि फारकत झाली की दोघांचा अर्धा-अर्धा हिस्सा. माझी बहीण मुंबईत दिली आहे, ती म्हणते हा कायदा गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीच्या नाक्यावरच का थांबतो.

---

घाटकोपर पूर्व | बुधवार, सकाळी १०:२०

गोंयकार, तुमच्या बहिणीचा प्रश्न रास्त आहे. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईच्या हातात सातबाऱ्यावर ना फ्लॅटवर काहीच नसतं, आणि मग पोटगी मागितली की "पैशासाठी" म्हणतात.

---

आठ पाचची फास्ट | बुधवार, सकाळी ११:१५

नवऱ्यालाही बायकोकडून पोटगी मिळते म्हणे? खरं का?

---

काळा कोट | बुधवार, दुपारी १२:४०

हो. हिंदू विवाह कायद्याच्या २४ आणि २५ कलमांत "पती किंवा पत्नी" आहे. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या बाईने घटस्फोटित नवऱ्याला दरमहा ३ हजार अंतरिम पोटगी द्यावी, हा हुकूम उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये कायम ठेवला. विशेष विवाह कायदा १९५४ खाली, म्हणजे रजिस्टर लग्नात (हिंदू पद्धतीच्या लग्नाची नुसती नोंदणी यात येत नाही), मात्र फक्त बायकोच मागू शकते. आणि कलम १४४ खाली आईवडीलही मुलांकडून मागू शकतात, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

---

वसईकर बाबा | बुधवार, रात्री ८:५०

सुरंगीताई, तुमचा प्रतिसाद काल रात्री परत वाचला. फीच्या खिडकीचा. माझ्या मुलाची आईही कधी अशा खिडकीपुढे उभी राहिली असेल का, हा विचार मी कधी केला नव्हता. साडेसहा वर्षांचा तुमचा मुद्दा मान्य.

माझ्याकडून एक चूक सांगतो, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. २०२० मध्ये माझी नोकरी गेली. मी काही न कळवता पैसे पाठवणं बंद केलं. देणार कुठून, असा माझा हिशोब. सात महिन्यांनी वॉरंट दारात. आईने दार उघडलं. शेजारचे सगळे जिन्यात. त्या दिवसानंतर आई सहा महिने खाली बाकावर बसायला गेली नाही.

---

काळा कोट | बुधवार, रात्री ९:३५

बाबा, लिहिलंत ते मोलाचं आहे. उत्पन्न घटलं तर रक्कम कमी करून घेण्याचा अर्ज असतो, नव्या संहितेत कलम १४६. तो त्याच महिन्यात करायचा. गप्प बसलं तर थकबाकी साचत राहते आणि नंतर "नोकरी नव्हती" हे सांगून ती पुसली जात नाही. तुरुंगात जाऊन आलं तरी रक्कम माफ होत नाही.

---

भाकरीची टोपली | गुरुवार, सकाळी ६:५५

मी वसुलीच्या बाजूने बोलते. माझ्याकडे हुकूम होता, पैसे नव्हते. सुरुवातीला वाटायचं, देईल, आज नाही तर उद्या. अशी दोन वर्षं गेली. मग वकीलबाईंनी सांगितलं की १२५ खालच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. माझे चौदा महिने असेच पाण्यात गेले.

तेव्हापासून शंभर पानी वही केली. डावीकडे महिना, मधे किती आले, उजवीकडे किती राहिले. बँकेचा उतारा दर तीन महिन्यांनी चिकटवायचा. मुलाच्या गोंदाने. तीच वही जजसाहेबांनी हातात घेऊन पानं उलटली. "हे तुम्ही स्वतः लिहिलंय?" एवढंच विचारलं. पुढच्या तारखेला पगारातून परस्पर कापून घ्यायचा हुकूम झाला.

निशिगंधताई, बहिणीला म्हणावं, रोख काही घेऊ नको. सगळं खात्यात. आणि एकरकमी असेल तर निम्मी रक्कम अर्ज दाखल करताना आणि निम्मी शेवटच्या सहीच्या दिवशी, डीडीने. डीडीची झेरॉक्स मसुद्याला जोडा.

---

अबोली जोशीण | गुरुवार, सकाळी ११:००

सगळ्यांपेक्षा वेगळं लिहितेय. मी १९९८ मध्ये वेगळी झाले, काही घेतलं नाही, आज ६४ वर्षांची आहे आणि पस्तावलेली नाही. मुलं नव्हती, बँकेत कायम नोकरी होती, माहेरचं घर होतं. दर महिन्याला त्याचं नाव पासबुकात बघायचं नव्हतं मला. तेव्हा "नको" म्हणणारी प्रत्येक बाई भोळी असते असं समजू नका. पण ज्या बाईला मूल आहे आणि नोकरी नाही, तिने माझी नक्कल करू नये. माझ्या "नको"च्या मागे पगाराची स्लिप होती.

---

सुरंगी | गुरुवार, सकाळी ११:२५

अबोलीताई, शेवटचं वाक्य माझ्या २०१२ च्या काउन्सेलरबाईंनी बोलायला हवं होतं.

---

शिवाजी पार्कचा पाऊस | गुरुवार, दुपारी ३:१०

मी त्या कागदांतला मुलगा आहे, म्हणून पैशाबाहेरचं एक. माझ्या आईबाबांच्या कन्सेंट टर्म्समध्ये (संमतीच्या अटींच्या कागदात) लिहिलं होतं, "पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी वडिलांकडे." गणपतीबद्दल कुणीच लिहिलं नव्हतं. आमचा घरचा गणपती बाबांकडे असायचा. दरवर्षी ऑगस्ट आला की फोनवर भांडण, मग दोघांचे वकील, आणि मी कॉटखाली चपला शोधतोय असं दाखवत ऐकत बसायचो. दहावीच्या वर्षी मी आरतीला गेलोच नाही, दोघांनाही सांगितलं की अभ्यास आहे.

गणपतीचे दिवस, दिवाळीची पहाट, मे महिन्याची सुट्टी, वाढदिवस कुणाकडे, हे लिहा. आजी-आजोबांना कधी भेटायचं तेही. आणि आठ वर्षांच्या मुलाला हे सगळं ठरल्यावर एकदा बसवून सांगा.

---

घाटकोपर पूर्व | गुरुवार, दुपारी ३:२२

पाऊस, शब्द नाहीत माझ्याकडे.

---

मोगऱ्याची वेणी | गुरुवार, रात्री १०:१५

गेल्या वर्षी माझं झालं, तर प्रत्यक्ष दिवसाबद्दल. बांद्रा पूर्वेला उतरून शेअर रिक्षाने कोर्ट. सोबत लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. काउन्सेलर दोघांना एकत्र आणि वेगळं, दोन्ही भेटतात. बहीण एकटी असताना विचारतील की दबाव आहे का, तेव्हा खरं बोलायचं. ती खोली त्यासाठीच आहे.

दागिन्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. स्त्रीधन तिचंच, ते पोटगीत मोजायचं नाही. मसुद्यात "सर्व दागिने मिळाले" असं असेल तर मिळाल्याशिवाय सही नको. माझ्या यादीत पाटल्या होत्या, आजीच्या. लॉकरमधून हातात आल्या, वजन करून घेतलं, मग सही केली.

वकिलाच्या फीची अडचण असेल तर बाईला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. फोन १५१००. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत बायकांना कोर्ट फीही माफ आहे.

---

निशिगंध | तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ७:३०

उशीर झाला, माफ करा. सगळे प्रतिसाद बहिणीने स्वतः वाचले. सुरंगीताईंचा वाचून ती गच्चीत गेली आणि बऱ्याच वेळाने खाली आली. अबोलीताईंचा वाचून म्हणाली, "माझ्याकडे स्लिप नाही गं."

आम्ही वेगळी वकीलबाई केली. ७वं कलम पूर्ण बदललं. नवऱ्याला बहिणीने स्वतः फोन केला, पाऊण तास. तो आधी चिडला, मग म्हणाला, मलाही वकिलाने छापील नमुना दिला होता, मी नीट वाचला नव्हता. मी त्याच्यावर विश्वास ठेवते.

ठरलं ते असं. मुलाचे दरमहा १८ हजार, वर्षाला ८ टक्के वाढ, फी आणि दवाखाना निम्मे-निम्मे, मेडिक्लेममध्ये मुलगा राहणार. बहिणीला दोन वर्षं दरमहा १५ हजार, त्या काळात ती रिफ्रेशर कोर्स करून लॅबमध्ये परत लागणार. फ्लॅट विकायचा, कर्ज फेडून उरतील ते अर्धे-अर्धे. तिने कायमची पोटगी मागितली नाही, आम्ही समजावलं, पण हा निर्णय तिचा. फक्त "पुढे कधीच नाही" हे शब्द कागदावर येऊ दिले नाहीत.

गणपती दीड दिवस बाबांकडे, गौरी आमच्याकडे. मुलाला सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, मोदक दोन्हीकडे असणार ना. पाऊसदादा, हे तुमच्यामुळे झालं.

बुधवारी अर्ज दाखल होतोय. आणखी काही राहिलंय का?

---

हिशोबनीस | रविवार, संध्याकाळी ७:५२

नॉमिनी! पीएफ, विमा, बँक, म्युच्युअल फंड. बहिणीच्या जुन्या लॅबचा पीएफ अजून पडून असेल, त्यावर नवऱ्याचं नाव असणार.

---

निशिगंध | रविवार, रात्री ८:१०

आत्ता तिला विचारलं. आहे. सोमवारी सकाळी पहिलं काम तेच.